डावीकडची जागा

आमच्या संसारात डावी बाजू माझी होती. म्हणजे रस्त्याची. मोटरसायकल हे चालवायचे, मी मागे बसायचे, आणि चौकात गाडी पुढे काढायची वेळ आली की हे फक्त उजवीकडे बघायचे. डावीकडे बघायचं काम माझं. रस्ता मोकळा असेल तर मी "चला" म्हणायचे. काही येत असेल तर बोलत बसायला वेळ नसतो, म्हणून यांच्या डाव्या खांद्यावर दोनदा थोपटायचं. दोन थापा म्हणजे थांबा. ही पद्धत कोणी ठरवली ते आठवत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, मंडईसमोरच्या गर्दीत कधीतरी ती पडून गेली आणि पुढे मोडलीच नाही. मुलगी लहानपणी पेट्रोलच्या टाकीवर बसायची, तीसुद्धा शाळेत सांगत सुटायची की आमच्या बाबांची मान डावीकडे वळतच नाही. लोक हसायचे, आम्हीही हसायचो.

दरवर्षी दसऱ्याला आम्ही मोटरसायकलवरून नागपूरला जायचो, दीक्षाभूमीवर. यांचं गाव नागपूरच्याही पलीकडे. कारखान्यातल्या नोकरीसाठी हे पुण्याला आले ते इथलेच झाले, पण दसरा आला की यांना पुण्यात करमायचं नाही. आगगाडी आहे, रात्रीच्या बसगाड्या आहेत, पुढे घरात चारचाकीही आली, पण यांचं एकच पालुपद: "बाप छप्पन्न साली पायी गेला. मी निदान डब्यात बसून जाणार नाही." मी पुण्यातच वाढलेली, मला उन्हाचा आणि धुळीचा राग, पण दोन दिवसांच्या त्या रस्त्यावर हे जेवढं बोलायचे तेवढं वर्षभरात घरी बोलत नसत. म्हणून मी जायचे. सरळ रस्ता लागला आणि यांचे डोळे जड झाले की मीही चालवायचे, आणि हे मागे बसून माझ्या पाठीवर डोकं टेकून खुशाल झोपायचे. चौक आला की मात्र हॅंडल पुन्हा यांच्याकडे.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात यांना झटका आला. अर्धांगाचा, डाव्या अंगाचा. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा पाय बराचसा परत आला होता. काठी घेऊन चालायचे. हात मात्र तसाच लोंबायचा, बोटं मिटलेली. बोलणं शाबूत, डोकं शाबूत, तिरकस जीभ तर पहिल्यापेक्षा तेज. शेजारपाजारचे म्हणाले, थोडक्यात निभावलं. मीही तसंच म्हणत होते.

मग ताटाची गोष्ट सुरू झाली. जेवायला बसल्यावर म्हणाले, "ठेचा संपला का?" ठेचा ताटात होता, डाव्या बाजूला, जिथे आयुष्यभर वाढत आले तिथेच. मला वाटलं, टोमणा आहे. कमी वाढला असं म्हणायचंय. मी आणखी एक चमचा वाढला. तरी तेच. शेवटी मी वैतागून ताटच उलटं फिरवलं. यांचे डोळे मोठे झाले. "हा आत्ता कुठून आला?" म्हणाले. आणि आता डावीकडे गेलेली भाजी यांच्यापुरती नाहीशी झाली.

त्यानंतर एका सकाळी हे दाढी करून न्हाणीघरातून बाहेर आले. उजवा गाल गुळगुळीत, डावा तसाच खुंटांचा. आरशात बघून, समाधानाने तोंड पुसून आले होते. अर्धी दाढी केलेला माणूस विनोदी दिसायला हवा, पण नाही दिसत. एकाच चेहऱ्यावर दोन वेगवेगळ्या दिवसांची माणसं असल्यासारखं दिसतं.

दवाखान्यात कोणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं आणि माझ्या तर येणंच शक्य नव्हतं. हे डावीकडे बघत नाहीत यात मला नवल वाटायचं काही कारण नव्हतं. ते कधी बघतच नव्हते. मेंदूच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की डोळे चांगले आहेत, पण मेंदूच्या लेखी आता डावी बाजू नाहीच. अंधारी बाजू असं नाही, नाहीच. आपल्याला आपल्या पाठीमागचं दिसत नाही आणि त्याचं काही वाटतही नाही, तसं यांना डावीकडचं.

इथपर्यंत मी सगळं पचवलं होतं. त्याच्या पुढचं सांगताना आजही मला जरा सावरून बसावं लागतं.

एका दुपारी मी यांच्या उशाशी बसून शेंगा सोलत होते. हे पलंगावर आडवे. मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले, "हे गृहस्थ कोण?"

"कोण गृहस्थ?"

"हे काय. इथं झोपून राहिले." आणि उजव्या हाताने यांनी डाव्या हाताचं मनगट चिमटीत धरून मला दाखवलं. "केव्हाचे आलेत? तू ओळखतेस का यांना?"

मी हसले. म्हटलं, "तुमचाच हात आहे तो."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू तिथेच विरलं. चेष्टा करणाऱ्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो, यांचा तर झोपेतही येतो. हा तो नव्हता. घरात अनोळखी माणूस येऊन झोपलाय आणि बायको काहीतरी लपवतेय, अशा माणसाचा तो चेहरा होता. शेंगा तशाच टाकून मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. दुपारचे तीन वाजलेले, खाली भंगारवाला ओरडत होता, आणि मला पलंगाच्या खोलीत परत जायची भीती वाटत होती.

डॉक्टरांना हेही नवीन नव्हतं. म्हणाले, असं होतं. माणूस स्वतःच्या हाताला परका म्हणतो. वाद घालू नका, पण हो ला होही करू नका. मात्र हाताचा व्यायाम रोज झाला पाहिजे, आणि त्यात यांचं मन असलं पाहिजे. पहिल्या काही महिन्यांत हात परत आला तर आला. नाहीतर जो आहे तो तसाच राहील.

आणि व्यायामाचं तर घोडं तिथेच अडलं होतं. फिजिओथेरपीची मुलगी घरी यायची, "काका, बोटं उघडायचा प्रयत्न करा" म्हणायची. हे सरळ सांगायचे, "ज्यांचा आहे त्यांना सांगा. दुसऱ्याच्या हाताची जबाबदारी मी कायले घेऊ?" ती बिचारी स्वतःच बोटं उघडायची, मिटायची, आणि हे उजवीकडे खिडकीतून बाहेर बघत बसायचे. असे आठवडे जात होते. पाऊस सुरू होऊन संपत आला. मला रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार यायचा तो हा, की आणखी एक दिवस गेला.

पाहुण्याशी हे वागायचे मात्र सभ्यपणे. पलंगावर त्यांच्यासाठी सरकून जागा करायचे. सकाळी उठल्यावर त्यांना "जयभीम" म्हणायचे. थोडं थांबायचे, उत्तराची वाट बघायचे. मग मला म्हणायचे, "उत्तर देत नाहीत. आपल्यातले नसावेत." मुलगी हिंजवडीला कंपनीत आहे, दर शनिवारी येते. तिच्यासमोर एकदा विचारलं, "पाहुणे जाणार कधी काही बोलले का?" ती उठून गॅलरीत गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

मी पलंगावर कायम यांच्या डाव्या अंगाला झोपत आले. एकदा दुपारी मी तशीच जाऊन शेजारी पडले. यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने मला हाक मारली. "अगं, ये ना जरा इकडे." मी म्हटलं, "मी इथेच आहे." यांची मान उजवीकडे वळली आणि हे दाराकडे बघत राहिले. मी यांच्या खांद्याला खांदा लावून पडले होते आणि हे माझी वाट बघत होते. मी तो गार हात हातात घेतला. तेव्हा हे शांतपणे छताकडे बघून म्हणाले, "पाहुण्यांचा हात धरून बसलीस का? काय म्हणतील ते?"

मी हात सोडला. लाज वाटली म्हणून सोडला, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. परक्या पुरुषाचा हात धरल्यासारखी मला लाज वाटली. आणि एका संध्याकाळी चहा गाळताना माझ्या लक्षात आलं की ओट्यावर मी तीन कप मांडलेत. घरात आम्ही दोघंच होतो. तिसरा कप मी पालथा घालून कपाटात अगदी मागे ढकलला.

दसरा जवळ आला तसे हे म्हणाले, "नागपूरला जायचं ना?" झटक्यानंतर यांनी स्वतःहून काही मागितलं ते हे पहिलं. मुलगी म्हणाली, "बाबा, विमानाने जाऊ, तासाभरात पोचू." यांनी तिच्याकडे बघून फक्त "डबा" एवढंच म्हटलं. दुचाकीवर यांना बसवणं शक्यच नव्हतं. बसल्याजागी हे डावीकडे कलायचे आणि कललोय हेही यांना कळायचं नाही. तेव्हा तीन चाकांचा विचार माझ्या डोक्यात आला. चालवणार मी, यांना नीट पाठ टेकून बांधून बसवायचं. डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं, मग टप्प्याटप्प्याने जाणार असाल तर बघा म्हणाले. मला दसऱ्याचं पुण्य नको होतं. मला वाटत होतं की हा माणूस कुठे परत येणार असेल तर त्या रस्त्यावर येईल.

तीनचाकी मोटरसायकलींचा शोध घेताना कळलं की परदेशात त्यांचे प्रकार मुबलक आहेत. पुढे दोन चाकं असलेल्या, मागे दोन चाकं असलेल्या, पलंगाएवढ्या गाद्यांच्या. इथे मात्र आपल्या बेताचं काही हवं असेल तर करून घ्यावं लागतं. कात्रजच्या पुढे एक कारागीर लांबच्या प्रवासासाठी अशा गाड्या बनवतो असं समजलं. त्याच्याकडे दोन तयार होत्या. एका शनिवारी सकाळी मी, हे आणि मुलगी तिथे गेलो.

कारागीर मोठा बोलका. "या मॅडम, बसा की. दोन्ही गाड्या टुरिंगच्याच हायत, डोळं झाकून काश्मीरला जा." पहिली होती ती ट्राइक. पुढे एक चाक, मागे दोन, आणि मागच्या सीटला खुर्चीसारखी पाठ, हातांना टेकू, कमरेला पट्टा. सामानाची पेटी एवढी की आमचा संसार मावला असता. यांना आम्ही मागे बसवून पट्टा लावला, आणि लायसन्स दाखवून मी पत्र्याच्या शेडभोवती गाडी फिरवली. दुचाकीची सवय असलेला माणूस वळणावर अंग टाकतो. ही अंग टाकून वळत नाही, हॅंडल ओढूनच वळवावी लागते. दोन चकरांत ते जमलं. गाडी शहाणी होती. हे डावीकडे कलले तरी टेकू यांना धरून ठेवत होता.

"हीच घे आई," मुलगी म्हणाली. "एकदम सेफ आहे. दोन माणसं, दोन सीट."

"आणि ते?" मागून आवाज आला.

मुलगी वाकून यांचा पट्टा पुन्हा घट्ट करू लागली.

"ते काय घरी एकटे राहतील? बरं दिसतं का?"

कारागिराने माझ्याकडे पाहिलं. "आणखी कोणी हाय का येणारं? मग तुम्हाला साइडकारच बघायला पायजे."

साइडकार शेडच्या आत उभी होती. मोटरसायकलच्या डाव्या अंगाला जोडलेली, होडीसारख्या आकाराची, एका चाकावरची बैठक. आणि तिच्यात कोणीतरी बसलेलं होतं.

मी दारातच थांबले. उन्हातून आत आल्यामुळे क्षणभर नीट दिसत नव्हतं. मग दिसलं की ते वाळूचं पोतं आहे, पट्ट्याने सीटला आवळून बांधलेलं, आणि कोणीतरी गंमत म्हणून त्याच्यावर हेल्मेट ठेवलं होतं. कारागीर सांगू लागला, साइडकार रिकामी पळवता येत नाही. डावीकडे वळताना तिचं चाक हवेत उचललं जातं आणि गाडी उलटू शकते. म्हणून माणूस नसेल तेव्हा माणसाएवढं वजन तिच्यात घालावंच लागतं. "ती जागा मोकळी ठेवायचीच न्हाई," तो म्हणाला.

हे काठी टेकत माझ्या मागून आले होते. पोतं यांच्या उजव्या हाताला पडलं म्हणून यांना दिसलं. यांचा चेहरा उजळला. "बघ," मला म्हणाले, "आपल्या आधी येऊन बसलेत."

मुलीने माझा दंड धरून मला शेडबाहेर नेलं. "आई, प्लीज. साइडकार घेतलीस तर तू त्या माणसाला घरात कायमची जागा दिलीस. बाबा परत त्या हाताकडे बघणार नाहीत. त्यांना वाटेल आईलाही पटलंय." मी म्हटलं, "मला कळतं गं." आणि मला खरंच कळत होतं. मीही मनातून ट्राइकच ठरवली होती. तिच्यात तिसऱ्या माणसाला जागा नव्हती, आणि मला तेच हवं होतं. त्या गृहस्थांना कुठेतरी उतरवून पुढे निघून जायचं होतं.

पण आत हे पोत्यासमोर उभे राहून वाट बघत होते, आणि साइडकारमधून एक चक्कर मारल्याशिवाय हलणार नाही म्हणत होते. कारागिराने पोतं सोडून खाली घेतलं. हे रागावले. "त्यांना काऊन उतरवता?"

"तिथे तुम्ही बसायचंय," मी म्हटलं.

"आणि ते?"

डॉक्टरांनी बजावलं होतं, हो म्हणायचं नाही. मुलगी दारातून बघत होती. मी म्हटलं, "ते तुमच्या डावीकडे बसतील."

ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं, की माझं मलाच ते उशिरा ऐकू आलं. महिनोन् महिने जे मी टाळलं होतं ते झालं होतं. हे मात्र खूश झाले, आणि एरवी धरून बसवावं लागायचं ते स्वतःहून वाकून साइडकारमध्ये बसले. मी पट्टा लावला. डावा हात उचलून यांच्या ओटीत नीट ठेवला, उताणा, मिटलेल्या बोटांचा. तो गार आणि जड होता, नेहमीसारखाच.

साइडकारची गाडी शहाणी नाही. वेग दिला की डावीकडे ओढते, ब्रेक मारला की उजवीकडे. तिला सतत धरून ठेवावं लागतं. शेडपासून एक कच्चा रस्ता महामार्गाच्या कडेच्या सर्व्हिस रोडला मिळतो, तिथवर जाऊन परत यायचं ठरलं. मी हळूहळू निघाले. हे माझ्या डाव्या हाताला, जरा खाली, आणि चेहरा सगळा माझ्याकडे वळवलेला. इतक्या वर्षांत गाडीवर मला यांचा चेहरा कधी दिसला नव्हता, पाठच दिसायची. आता दिसत होता, आणि त्यांच्यापलीकडे डावीकडचं जग, जे यांच्यासाठी नव्हतंच.

रस्ता संपला तिथे उजव्या हाताला कोणाची तरी भिंत होती. मी थांबले. आता चालवणारी मी होते, म्हणून मी यांच्यासारखी उजवीकडे वाकून वाकून बघू लागले. सर्व्हिस रोड एकेरी, गाड्या उजवीकडूनच यायच्या. एक बस गेली, दोन दुचाक्या गेल्या, मग रस्ता मोकळा झाला. यांचं काम मी अगदी मन लावून केलं. आणि माझं काम कोणीच केलं नाही. आयुष्यभर जी बाजू माझी होती तिकडे मी पाहिलंच नाही, कारण सवयीने मला वाटत होतं की तिकडे मागे बसलेलं माणूस बघतंय.

मी क्लच सोडला. गाडीने डावीकडे ओढ घेतली.

आणि माझ्या गुडघ्यावर दोन थापा पडल्या.

मी विचार केला नाही. दोन थापा म्हणजे थांबा. दोन्ही ब्रेक दाबले, गाडी उजवीकडे हिसकली आणि थांबली, आणि साइडकारच्या नाकासमोरून एक विटांचा टेम्पो उलट दिशेने, डावीकडून, सुसाट गेला. इतक्या जवळून, की विटांची लाल धूळ यांच्या कपाळावर बसली.

इंजिन बंद पडलं होतं. मी यांच्याकडे पाहिलं. चेहरा तसाच माझ्याकडे, उजवीकडे वळलेला. मान तसूभरही हलली नव्हती. उजवा हात अजून माझ्या गुडघ्यावर होता.

"तुम्हाला दिसला?" मी विचारलं.

"काय?"

"टेम्पो."

"कुठला टेम्पो?" हे खरंच गोंधळले होते. कपाळावर त्याची धूळ होती आणि यांनी टेम्पो पाहिला नव्हता.

"मग थांब का म्हणालात? थोपटलंत का मला?"

"मला थोपटलं म्हणून."

"कोणी?"

"यांनी. मांडीवर. दोनदा."

माझी नजर खाली गेली. मी उताणा ठेवलेला हात आता ओटीत नव्हता. तो यांच्या उजव्या मांडीवर होता, पालथा, आणि बोटं उघडी होती.

कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी तो सरकला असेल. ब्रेक दाबला तेव्हा गाडी उजवीकडे हिसकली, त्यात फेकला गेला असेल. डॉक्टर पुढे म्हणाले की मेंदूच्या वरच्या माळ्याला जे दिसत नाही ते तळघराला दिसत असतं, तसं काही असेल. मला तेव्हा यातलं काही सुचलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मला भीती वाटली, इतकी की मला तो हात उचलून परत जागेवर ठेवता येईना. भर सकाळच्या उन्हात माझ्या शेजारी ते गृहस्थ बसले होते आणि त्यांनी आत्ताच आमचा जीव वाचवला होता.

हे कपाळाला आठ्या घालून विचार करत होते. कारखान्यात एखादं यंत्र उगाच आवाज करू लागलं की विचार करायचे तसे. मग मला म्हणाले, "एक सांग. आपली खूण यांना कशी माहीत?"

ती खूण जगात दोनच माणसांना माहीत होती. मुलीलाही कधी सांगितली नव्हती.

"तुम्हीच विचारा त्यांना," मी म्हटलं.

यांनी मांडीवरच्या त्या हाताकडे पाहिलं. उजव्या मांडीवर होता म्हणून बोटं यांना दिसत होती. मग नजर बोटांवरून मनगटावर गेली. तिथे थांबली. मनगटावरून कोपराकडे सरकली, आणि तिच्यामागे हळूहळू, अंधारात जिना उतरणाऱ्या माणसासारखी चाचपत, यांची मान डावीकडे वळू लागली. कोपर. दंड. सदऱ्याची बाही. झटका आल्यापासून मी ती मान तिकडे वळलेली पाहिली नव्हती, आणि खरं तर त्याच्या आधीही नाही. खांद्यापर्यंत पोचून यांची नजर तिथेच राहिली. मागे कारागीर आणि मुलगी धावत येत होते, मुलगी "आई" म्हणून ओरडत होती. मी हात वर करून त्यांना थांबवलं.

साइडकारच घ्यायची, हे माझं तिथेच ठरलं. कोणी काहीही म्हणो. ती जागा मोकळी ठेवायची नव्हती.

बऱ्याच वेळाने हे माझ्याकडे वळले. आवाज खाली आणून, त्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "ओळखीचे वाटतात."

माझे डोळे भरून आले होते, पण पुण्याची माणसं अशा वेळी रडत नाहीत, खोचक बोलतात. मी म्हटलं, "मग उद्यापासून व्यायामाला बसवा त्यांना. फुकट जेवतायत इतके दिवस."

यांनी पुन्हा एकदा डावीकडे पाहिलं.

"सांगून बघतो," म्हणाले.